एअर फिल्टरचा डबा आणि घरगुती 'पिकअप': एका जुन्या नादाची पार्श्वभूमी

पेट्रोल इंजिनाचं घोडं अडतं ते हवेपाशी. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 ग्रॅम हवा लागते. पेट्रोल वाढवणं सोपं असतं, हवा मात्र इंजिनाला स्वतःच्या दमाने ओढून घ्यावी लागते. मारुती 800 चं 796 सीसीचं इंजिन 5,500 आरपीएमला (मिनिटाला 5,500 फेरे) फिरत असेल, तर प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांना एकदा, मिनिटाला 2,750 वेळा हवा घेतो. म्हणजे सगळे सिलिंडर मिळून कागदावर मिनिटाला सुमारे 2,190 लिटर हवा. प्रत्यक्षात सिलिंडर काठोकाठ भरत नाहीत, त्यामुळे आकडा खाली येतो, पण एवढी हवा एका कागदी फिल्टरमधून आणि मनगटाएवढ्या नळीतून जाते हे कळलं की कुणाचेही हात शिवशिवणारच. मग फिल्टरच्या डब्याला ड्रिलने भोकं पाडली जातात, तोंडाची नळी काढून टाकली जाते, किंवा अख्खा डबाच उतरवून त्या जागी होज क्लिपने आवळलेला लाल कोन (शंकूच्या आकाराचा) फिल्टर येतो.

हा नाद आपल्याकडे अमेरिका आणि जपानी गाड्यांच्या वाटेने आला. त्याच्या मुळाशी जी अडचण होती ती अगदी खरी होती. डबा मात्र तेव्हापासून पुष्कळ बदलला, आणि ही बाब सहसा कुणी सांगत नाही.

सुरुवातीच्या मोटारींना फिल्टरच नव्हता. फोर्डची मॉडेल टी कारखान्यातून फिल्टरशिवायच बाहेर पडायची. शेतात चालणाऱ्या ट्रॅक्टरना धुळीने घायकुतीला आणलं, तेव्हा 1915 मध्ये मिनेसोटाच्या फ्रँक डोनाल्डसन यांनी ट्रॅक्टरसाठी एअर क्लीनर बनवला. पुढे ऑइल बाथ आला: आत येणारी हवा तेलाच्या थाळीवर आपटून वळते, धूळ तेलात बसते आणि हवा तारेच्या जाळीतून पुढे जाते. आपल्याकडच्या जुन्या जीप आणि ट्रॅक्टर चालवलेल्यांना ती थाळी उतरवून गाळ खरवडण्याचं काम चांगलं आठवत असेल. धूळ अडवण्यात तो पक्का, पण हवेला वळसे घालायला लावणारा. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात घड्यांचा कागदी फिल्टर मोटारींमध्ये रुळू लागला. तो हलका, स्वस्त आणि खराब झाला की फेकून देण्याजोगा होता.

शर्यतवाल्यांना यातलं काहीच नको होतं. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या तळ्यांवर गाड्या पळवणारी पोरं फिल्टर काढून कार्ब्युरेटरवर (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागावर) कर्ण्यासारख्या उघड्या नळ्या लावत. गाडी काही मिनिटंच पळायची आणि इंजिन पुढच्या शर्यतीआधी उघडलं जाणारच होतं, तेव्हा सिलिंडरवर ओरखडे पडले तरी हिशेब जुळत होता. कंपन्याही या खेळात उतरल्या. फोर्डने 1964 मध्ये ड्रॅग शर्यतींसाठी फेअरलेनची 'थंडरबोल्ट' काढली. तिच्या पुढच्या चार दिव्यांपैकी आतले दोन काढून तिथे जाळी बसवली होती आणि त्या भोकांतून जाड नळ्या थेट कार्ब्युरेटरपर्यंत नेल्या होत्या. इंजिनाच्या तापलेल्या खोलीतली हवा टाळायची आणि समोरून येणारी गार हवा घ्यायची, ही आजच्या 'कोल्ड एअर इनटेक'ची कल्पना तिथे उघड्यावर दिसते.

क्रायस्लरने त्याआधीच आणखी खोलात हात घातला होता. 1960 च्या त्यांच्या 300एफ गाडीत इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या) नळ्या सुमारे 30 इंच लांब होत्या, इंजिनाच्या एका बाजूकडून दुसरीकडे गेलेल्या. व्हॉल्व्ह बंद झाला की नळीतली हवा दचकून मागे फिरते, दाबाची लाट नळीच्या टोकाला जाऊन परतते, आणि लांबी बरोबर धरली तर ती लाट व्हॉल्व्ह पुन्हा उघडण्याच्या वेळी येऊन हवा आत ढकलते. लांब नळी कमी आरपीएमला फायदा देते, आखूड नळी जास्त आरपीएमला. म्हणूनच डब्याच्या आधीची नळी 'उगाच लांब' दिसते म्हणून कापली की पुष्कळदा वरच्या आरपीएमला किंचित मोकळेपणा येतो आणि खाली, जिथे पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये गाडी चोवीस तास असते, तिथे ओढ कमी होते.

छोट्या गाडीपुरतं बोलायचं तर मोठं नाव मिनीचं. 1961 च्या मिनी कूपरला कारखान्यानेच दोन एसयू कार्ब्युरेटर दिले होते. तिच्याभोवती इंग्लंडमध्ये ट्यूनिंगचा अख्खा घरोघरीचा उद्योग उभा राहिला आणि 1964, 1965 आणि 1967 मध्ये मिनीने माँटे कार्लो रॅली जिंकली. पण तिथले जाणकार इनटेक एकट्याला कधी हात लावत नसत. हेड घासून पोर्ट गुळगुळीत करणं, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलणं, एक्झॉस्ट मोकळा करणं आणि मग त्या सगळ्याला पुरेल एवढी हवा, असा क्रम असे. फक्त फिल्टर बदलून गाडी पळवण्याची हौस ही नंतरची, दुकानात डबाबंद वस्तू मिळू लागल्यानंतरची.

त्या वस्तूंमधली सगळ्यात गाजलेली म्हणजे के अँड एन. केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडोनाल्ड यांच्या कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड गावच्या मोटारसायकल दुकानातून 1969 च्या सुमारास तेल लावलेल्या सुती कापडाचे फिल्टर आले. मातीतल्या मोटारसायकल शर्यतींसाठी ते होते: धुवा, वाळवा, तेल लावा, परत बसवा. हेच तंत्र पुढे मोटारींच्या कोन फिल्टरमध्ये गेलं. 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियात होंडा सिव्हिकच्या पोरांनी त्याला चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची नळी जोडली आणि फिल्टर बंपरच्या आड खाली नेला. आज ऑनलाइन 'युनिव्हर्सल किट' म्हणून जे येतं त्याचं घराणं हेच.

दरम्यान कारखान्यातला डबा बदलत होता. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला, कॅलिफोर्नियापासून, क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या भागातला) धूर बाहेर सोडायला बंदी आली आणि तो इंजिनातच परत जाळायची सोय झाली. ती नळी इनटेकला येऊन मिळाली. पुढे पेट्रोलच्या टाकीतल्या वाफा कॅनिस्टरमधून इनटेकमध्ये येऊ लागल्या. आवाजाच्या मर्यादा कडक झाल्या तसे डब्याला बंद तोंडाचे फुगवटे लागले. घरी काम करणाऱ्याला ते निरुपयोगी वाटतात, पण घुमणारा आवाज मारण्यासाठी ते मोजून बनवलेले असतात. मग इंजेक्शन आलं आणि हवा मोजणारे सेन्सर आले. 1960 चा डबा म्हणजे एक झाकण आणि एक फिल्टर होता, झाकण नुसतं उलटं बसवलं तरी हवा जास्त यायची. 2000 चा डबा चार-पाच कामं एकदम करत होता.

आपल्याकडे ही सगळी गोष्ट उशिरा आणि दाटीवाटीने घडली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या काळात गाडी मिळणंच मुश्कील होतं, तिथे छेडछाड कोण करणार? तरी शर्यती होत्या, चेन्नईजवळच्या शोलावरमला आणि 1990 पासून इरुंगट्टुकोट्टईला. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि हलकं, तीन सिलिंडरचं, सगळीकडे सुटे भाग मिळणारं इंजिन हाताशी आलं. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी त्याच इंजिनावर एकआसनी शर्यतीची गाडी, फॉर्म्युला मारुती, उभी केली. भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयनही फॉर्म्युला मारुतीतूनच पुढे गेला. पेठेतल्या गॅरेजमध्ये कोन फिल्टर टांगला गेला त्यामागे हा सगळा दबदबा होता.

कार्ब्युरेटरवाल्या 800 मध्ये या कामाला काही अर्थही होता, पण अर्धाच. फिल्टर मोकळा केला की हवा-पेट्रोलचं गणित बदलतं, मिक्श्चर पातळ होतं, आणि मोठं जेट (पेट्रोल सोडणारी बारीक तोटी) टाकलं नाही तर गाडी झटके देते आणि तापते. चांगला मिस्त्री स्पार्क प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग बघायचा: पांढरट म्हणजे पेट्रोल कमी, काजळी म्हणजे जास्त, चहाच्या रंगाचा म्हणजे बरोबर. हे बघणारे कमी आणि फिल्टर लावून आवाजावर खूश होणारे जास्त.

2000 च्या सुमारास प्रदूषणाचे युरो निकष आले आणि 800 ला कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनचं एमपीएफआय इंजिन मिळालं. आता ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सेन्सर बघून पेट्रोल स्वतः ठरवतो, ऑक्सिजन सेन्सर मिक्श्चर पुन्हा 14.7 कडे खेचतो. चांगल्या अवस्थेतला कागदी फिल्टर एवढ्याशा इंजिनाला फारसा अडवतच नाही. हवा अडवतो तो थ्रॉटल (ॲक्सिलरेटरला जोडलेली झडप), आणि तो आपणच पायाने अर्धा मिटून ठेवलेला असतो. त्यामुळे फिल्टर बदलल्यावर अर्ध्या थ्रॉटलला वाढलेला पिकअप बहुतेक वेळा कानाने जाणवलेला असतो. आवाज मात्र खरंच वाढतो, आणि तो आवडतो हे कबूल करायला लाजू नये.

उष्णतेचं गणित तर सरळ उलट जातं. हवेची घनता तापमानाप्रमाणे घटते. बाहेर 30 अंश असताना बोनेटखाली उघडा ठेवलेला फिल्टर 60 अंशांची हवा घेत असेल, तर तेवढ्याच आकारमानात सुमारे 9 टक्के हवा कमी येते. कारखान्यातल्या डब्याचं तोंड बहुधा रेडिएटरच्या वर किंवा दिव्याच्या मागे, बाहेरची हवा घेईल असं असतं. डायनोवर (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) बोनेट उघडं ठेवून आणि समोर मोठा पंखा लावून काढलेले आकडे म्हणूनच लाल दिव्यावर उभ्या गाडीला लागू पडत नाहीत.

यावर उपाय म्हणून नळी खाली बंपरात नेली तर पाऊस आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत कितीतरी कारखानी, छेडछाड न केलेल्या गाड्यांचीही इंजिनं पाणी ओढून बसली. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गॅरेजवाल्यांच्या भाषेत 'इंजिन लॉक'. साध्या विम्यात हे सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. बंपरमागे फिल्टर असलेल्या गाडीला एवढा मोठा पूर लागतच नाही, हिंदमाताचं नेहमीचं तळं पुरतं.

कायद्याच्या बाजूने मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम आहे. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडक लावला: कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी फारकत घेईल असे बदल चालणार नाहीत. आरसीवर एअर फिल्टरचा उल्लेख नसतो आणि सायलेन्सरसारखा तो रस्त्यावर कुणाच्या कानावर येत नाही, म्हणून सहसा कुणी विचारत नाही. वॉरंटीचा दावा करताना सर्व्हिस सेंटर मात्र विचारतं.

शर्यतीत हवेची किंमत आजही तितकीच चोख मोजली जाते. 1995 च्या कॅटालुन्या रॅलीत टोयोटाच्या सेलिकाचा टर्बो रेस्ट्रिक्टर (हवेवर मर्यादा घालणारी अरुंद कडी) बसवल्यावर गुपचूप बाजूने जास्त हवा घेऊ देतो हे पकडलं गेलं आणि संघावर वर्षभराची बंदी आली. आपल्या इंजिनीअरिंगच्या पोरांच्या फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांत इंजिनाची सगळी हवा 20 मिलिमीटरच्या भोकातून जावी लागते. त्या भोकामागचा शंकू, डबा आणि नळ्यांची लांबी यांवर हॉस्टेलच्या खोलीत रात्र-रात्र सिम्युलेशन चालतं. इनटेकचं खरं घरगुती काम आज बघायचं तर तिथे बघावं. बाकीच्यांचा ओढा टर्बो पेट्रोल गाड्यांकडे वळला आहे, आणि तिथली पोरं हॅकसॉ बाजूला ठेवून लॅपटॉपवर ईसीयूचा रीमॅप (आतल्या आकड्यांत बदल) करून घेतात.