कोड वेगळं, कुष्ठरोग वेगळा

मुलीच्या अंगावर डाग दिसला की घरात आजाराआधी लग्नाची काळजी सुरू होते. डाग कशाचा, हे डॉक्टरला विचारण्याआधी तो झाकायचा कसा, हे ठरतं. कोड आणि कुष्ठरोग यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, तरी बाईच्या वाट्याला दोन्हींत तेच येतं.

कोडात शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेला रंग देणाऱ्या पेशी मारते. डाग दुधासारखा पांढरा होतो, स्पर्श शाबूत राहतो. ते कुणाला लागत नाही, आणि दूध-मासे एकत्र खाल्ल्यानं होतं हेही खोटं.

कुष्ठरोग जंतूमुळे होतो. नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये हा जंतू शोधला. चट्टा फिकट किंवा लालसर असतो, पूर्ण पांढरा नाही, आणि तो बहुधा बधिर असतो. डॉक्टर डोळे मिटायला सांगतात, चट्ट्यावर कापूस टेकवतात आणि कुठे लागलं ते बोटानं दाखवायला सांगतात. जंतू नसांवर हल्ला करतो. कोपराजवळची नस जाड झाली की करंगळीकडची बाजू बधिर होते. मग भाकरी उलटताना तव्याचा चटका बसतो आणि बाईला तो फोड आल्यावर कळतो.

मात्र कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. १९८२ पासून एमडीटी ही एकत्रित औषधं आहेत, सरकारी दवाखान्यात मोफत, सहा किंवा बारा महिने. कोडानं जिवाला धोका नाही, पण उपचार लांबतात आणि डाग परतूही शकतात.

एमडीटीतल्या क्लोफाझिमिननं कातडी काही काळ काळवंडते. पुरुष ते उन्हावर ढकलेल. नव्या सुनेनं सासूला काय सांगायचं? गोळ्या लपवून घेणं आणि मध्येच सोडणं इथूनच सुरू होतं, आणि त्याची किंमत बोटं मोजतात.

कुष्ठरोग २०१९ पर्यंत कायद्यानं घटस्फोटाचं कारण होता. त्या वर्षी संसदेनं तो पाच वैयक्तिक कायद्यांतून काढला.

कोड असलेल्या मुलीची बाजू घेताना आपण चटकन म्हणतो, "घाबरू नका, तो रोग नाही हा." 'तो रोग' म्हणजे कुष्ठरोग. हे मला फार खटकतं. एकीला सोडवताना आपण दुसरीला आणखी दूर लोटतो, आणि तीच दुसरी मग बधिर चट्टा पदराखाली ठेवून दवाखान्याची पायरी चढत नाही. कोडाची बाजू घ्यायला "कोड लागत नाही" एवढं सांगणं पुरेसं आहे. त्याच दमात कुष्ठरोग बरा होतो, हेही सांगावं.