'कान्ते'चं नाव काय? स्पॅनिश साध्या भूतकाळामागचा घोळ

स्पॅनिशमध्ये -आरने संपणाऱ्या नियमित क्रियापदांना साध्या भूतकाळात लागणाऱ्या -ए, -आस्ते, -ओ या प्रत्ययांचं मूळ लॅटिनमध्ये आहे. 'मी गायलो' या अर्थाचं 'कान्तावी' बोलता बोलता झिजलं आणि 'कान्ते' उरलं. 'तो गायला' या अर्थाच्या 'कान्तावित'मधल्या 'आव्'चा 'ओ' झाला. लवणाचं लोण झालं, तसंच. म्हणूनच 'कान्तो'वर आघात पहिल्या अक्षरावर असेल तर 'मी गातो' आणि शेवटच्या अक्षरावर असेल तर 'तो गायला'. लिहिताना वरची छोटी रेघ विसरली की काळही बदलतो नि माणूसही. -एर आणि -ईरने संपणाऱ्या क्रियापदांच्या गटांनी मात्र भूतकाळात एकच प्रत्ययमाला वाटून घेतली.

रूपं शतकानुशतकं जवळपास तीच राहिली. अनेकवचनी 'तुम्ही'च्या -आस्तेसचं -आस्तेइस झालं, तेही सतराव्या शतकाच्या आसपास. खरी ओढाताण झाली ती नावावरून.

1492च्या पहिल्या कॅस्टिलियन (म्हणजे स्पॅनिश) व्याकरणात हा काळ 'पुरा झालेला भूत' होता. सरळ नाव. 1847मध्ये चिलीत राहणाऱ्या एका व्हेनेझुएलीय व्याकरणकाराने त्याला नुसतं 'प्रेतेरितो', म्हणजे भूतकाळ, म्हटलं आणि 'मी गायलो आहे' या रूपाला वेगळं नाव दिलं. याहून सुटसुटीत व्यवस्था माझ्या मते नंतर कुणी केली नाही.

पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माद्रिदच्या अधिकृत व्याकरणाने 'इंदेफिनिदो', म्हणजे अनिश्चित, हा शब्द उचलला. ठरावीक वेळी सुरू होऊन संपलेली क्रिया, आणि ती अनिश्चित! याचं मूळ ग्रीक 'अओरिस्त'मध्ये आहे, ज्याचा अर्थच 'सीमा न आखलेला'. गंमत म्हणजे एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच वैयाकरण फ्रेंचमधल्या याच जातीच्या रूपाला 'निश्चित भूत' म्हणत आणि 'अनिश्चित' हे नाव 'मी गायलो आहे'सारख्या संयुक्त रूपाला देत. म्हणजे फ्रान्स आणि स्पेनमधला पिरेनीज पर्वत ओलांडला की निश्चिताचं अनिश्चित व्हायचं.

1973मध्ये अधिकृत बाजूने माघार घेतली. नवं नाव 'प्रेतेरितो पेर्फेक्तो सिंप्ले', म्हणजे साधा पूर्ण भूतकाळ. 2009च्या व्याकरणातही तेच आहे. तरी स्पेनमध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी छापली जाणारी पुस्तकं अजून 'इंदेफिनिदो'च लिहितात, आणि अमेरिकेतली इंग्रजी पुस्तकं 'प्रेटेरिट'. एकाच रूपाची ही तीन नावं तीन पुस्तकांत भेटली की नवा विद्यार्थी तीन वेगळे काळ समजून बसतो. मराठी माणसाला रूप कळायला अडचण नाही: 'मी गायलो' तिथे 'कान्ते', 'मी गायलो आहे' तिथे संयुक्त रूप, असं बहुतेक वेळा जुळतं.