पर्ल प्रायमस की कॅथरीन डनम?

या दोघींची गल्लत सहज होते. दोघी कृष्णवर्णीय अमेरिकी नर्तकी, दोघी मानववंशशास्त्र शिकलेल्या, दोघींना रोझेनवाल्ड शिष्यवृत्ती (कृष्णवर्णीय अभ्यासक-कलावंतांना मदत करणारी) मिळालेली. शिवाय कॅरिबियनचं नाव दोघींना चिकटलेलं, पण अगदी उलट कारणांनी.

कॅरिबियनमध्ये जन्मली ती प्रायमस: १९१९, त्रिनिदादचं पोर्ट ऑफ स्पेन. लहानपणीच ती न्यूयॉर्कला आली. डनम १९०९ची, इलिनॉय राज्यातली. पण कॅरिबियन नाच रंगमंचावर आणले ते डनमने. १९३५-३६मध्ये ती जमैका, मार्टिनिक, त्रिनिदाद आणि हैतीत राहिली. कॅमेरा सोबत होताच. मार्टिनिकच्या 'अग्या' या झुंजीच्या नाचाचं तिने चित्रण केलं आणि १९३८मध्ये त्यावर बॅले रचला.

प्रायमसला व्हायचं होतं डॉक्टर. १९४०मध्ये हंटर कॉलेजातून जीवशास्त्राची पदवी घेतली, पण काळ्या मुलीला प्रयोगशाळेत काम कोण देणार? नाच तिच्या वाट्याला आला तो असा. १९४४च्या उन्हाळ्यात तिने अमेरिकेच्या दक्षिणेत दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर कापूस वेचला. पुढे १९४८मध्ये रोझेनवाल्ड शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा ती गेली आफ्रिकेत. तिथे तिला योरुबा या पश्चिम आफ्रिकी भाषेतलं नाव मिळालं, 'ओमोवाले': घरी परतलेलं लेकरू. लायबेरियाचं स्वागतनृत्य 'फांगा' तिनेच अमेरिकेत रुजवलं.

खरा फरक कळतो तो झुंडबळींवरच्या दोन रचनांत. डनमची 'साउथलँड' १९५१मध्ये चिलीतल्या सांतियागोत झाली. नर्तकांचा पूर्ण संच, पूर्ण गोष्ट: गोऱ्या बाईचा खोटा आरोप आणि काळ्या माणसाचा खून. अमेरिकी वकिलातीला ते मुळीच रुचलं नाही. प्रायमसच्या 'स्ट्रेंज फ्रूट'मध्ये मात्र एकटी बाई आहे, सोबतीला संगीत नाही, फक्त कविता. ही बाई मेलेल्याची आई किंवा बायको नव्हे, ती मारणाऱ्या जमावातली आहे. बाकीचे निघून गेलेत आणि आपण काय केलं ते तिला आता दिसतंय. ज्यांनी आपली माणसं मारली त्यांच्यातलीच एक होऊन नाचायचं! याहून मोठं धाडस मला तरी माहीत नाही.

शिक्षिका म्हणूनही वाटा वेगळ्या. डनमने ढोलाच्या साथीने शिकवायची स्वतःची पद्धत बसवली, ती आजही तिच्या नावाने शिकवली जाते. प्रायमसने १९७८मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातून पीएच.डी. केली, विद्यापीठांत शिकवलं.

आणि १९९२मध्ये, वयाच्या ८२व्या वर्षी, हैतीच्या निर्वासितांना अमेरिका परत पाठवते म्हणून ४७ दिवस उपोषणाला बसली ती इलिनॉयची डनम.