इमर्जन्सी दाबली, तरी झेड अक्ष खाली का येतो?

व्हर्टिकल मशीनिंग सेंटरवर (उभ्या स्पिंडलने धातू कापणाऱ्या संगणकीय मशीनवर) काही बिघडलं की हात आपसूक लाल बटणाकडे जातो. बटण दाबलं की वीज तुटली, वीज तुटली की मशीन थांबलं, असं भोसरी-चाकणच्या कितीतरी वर्कशॉपमध्ये गृहीत धरलेलं असतं. उभ्या झेड अक्षाच्या, म्हणजे स्पिंडलचं हेड वर-खाली नेणाऱ्या अक्षाच्या बाबतीत हे गृहीतक धोक्याचं आहे. टूल फिरवणाऱ्या स्पिंडलचं हेड तोलून धरणारा टॉर्क (फिरवणारा जोर) मोटर देत असते. तो गेला की हेड फक्त ब्रेकच्या भरवशावर राहतं.

हा होल्डिंग ब्रेक सहसा २४ व्होल्ट मिळाले की सुटतो आणि ते गेले की स्प्रिंगच्या जोरावर लागतो. पण तो लगेच लागत नाही. लहान मोटरला शंभराच्या आतले मिलिसेकंद पुरतात, मोठ्या मोटरला १०० किंवा त्याहूनही जास्त लागतात. पूर्ण मुक्त पतन धरलं तर ५० मिलिसेकंदांत वस्तू १२ मिमी खाली येते आणि १०० मिलिसेकंदांत ४९ मिमी. बॉलस्क्रू, रोटरचं जडत्व आणि घर्षण यांमुळे प्रत्यक्षात हेड याहून बरंच कमी घसरतं. तरी टूल जॉबच्या (कापायच्या तुकड्याच्या) २ मिमी वर असेल किंवा कुणाचा हात जॉब पकडणाऱ्या व्हाइसवर असेल, तर थोडीशी घसरणही महागात पडते. हेड आधीच वेगाने खाली येत असेल, तर प्रकरण आणखी बिकट.

ब्रेक रेंगाळण्याचं एक कारण पॅनेलमध्येच असतं. ब्रेकची कॉइल बंद होताना उठणारा व्होल्टेजचा झटका दाबण्यासाठी तिच्यावर उलटा डायोड लावलेला असतो. मग प्रवाह त्या डायोडमधून फिरत राहतो, चुंबकत्व हळू ओसरतं आणि ब्रेक उशिरा लागतो. त्या जागी व्हॅरिस्टर (जास्त व्होल्टेजलाच वाट देणारा घटक) बसवला तर प्रवाह लवकर मरतो. बदल करण्याआधी ब्रेक उत्पादकाने दिलेली वेळ आणि सर्किट दोन्ही तपासावीत.

आयईसी ६०२०४-१ या मानकात थांबण्याचे तीन प्रकार आहेत. प्रकार ० मध्ये वीज तत्काळ तोडतात. प्रकार १ मध्ये आधी ताब्यात ठेवून वेग उतरवतात, मग वीज तोडतात. प्रकार २ मध्ये थांबल्यावरही वीज चालू राहते. इमर्जन्सी स्टॉपसाठी फक्त ० किंवा १ चालतो. उभ्या अक्षाला आमच्या मते १ च हवा, तोही या क्रमाने: वेग शून्यावर आणा, ब्रेकला आदेश द्या, तो लागेपर्यंत मोटरने भार धरून ठेवावा आणि मगच ड्राइव्हचा (मोटरला वीज देऊन तिचा वेग ताब्यात ठेवणाऱ्या युनिटचा) टॉर्क तोडा. जुन्या मशीनवर नवे सर्व्हो (मोटर आणि ड्राइव्ह) बसवताना इमर्जन्सीची वायर थेट मेन कॉन्टॅक्टरला, म्हणजे मुख्य वीज तोडणाऱ्या स्विचला जोडली, तर हा सगळा क्रमच उडतो.

कुठल्या बिघाडाला कसं थांबायचं, हेही आधी ठरवावं लागतं. मोटर गरम झाली असेल तर शांतपणे वेग उतरवायला वेळ असतो. केबल चेनमध्ये वाकून वाकून एन्कोडरची (मोटर किती फिरली हे सांगणाऱ्या सेन्सरची) तार तुटली, तर मात्र रोटर कुठे आहे हे ड्राइव्हला कळत नाही आणि ताब्यात ठेवून थांबवणं जमत नाही. अशा वेळी डायनॅमिक ब्रेकिंग कामी येतं: कायम चुंबकाच्या मोटरची वाइंडिंग रेझिस्टरमधून शॉर्ट केली की ती स्वतःच वीज तयार करते आणि मंदावते. वेग उतरेल तसा हा जोर घटतो आणि थांबल्यावर शून्य होतो. म्हणून हेड धरायला शेवटी यांत्रिक ब्रेकच लागतो.

पावसाळ्यात लाइट गेली तर? ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये डीसी बसवर (आतल्या डीसी विजेच्या साठ्यावर) साधारण ५८५ व्होल्ट असतात आणि मंदावणारी मोटर त्यात ऊर्जा परत टाकते. ३०० किलोचं टेबल सेकंदाला १ मीटर वेगाने जात असेल, तर त्यात १५० ज्यूल असतात. कंट्रोलची २४ व्होल्टची पुरवठा वायर यूपीएसवर असेल, तर या ऊर्जेतून बऱ्याचदा नीट थांबता येतं. उलट ही जादा ऊर्जा जाळणारा ब्रेकिंग रेझिस्टर आतून तुटला असेल, तर वेग उतरतानाच बसचं व्होल्टेज चढतं, ड्राइव्ह ट्रिप होतो आणि मोटर मोकळी सुटते. हा रेझिस्टर मल्टिमीटरने तपासायला फारसा वेळ लागत नाही, तरी तो पुष्कळदा राहूनच जातो.

थांबायला लागणारा वेळ सर्वाधिक वेग आणि सर्वाधिक भार ठेवूनच मोजावा. १४ मिमी रिझोल्यूशनच्या लाइट कर्टनमध्ये (हात आत गेला की मशीन थांबवणाऱ्या प्रकाशकिरणांच्या पडद्यात) हात गेल्यापासून मशीन थांबेपर्यंत एकूण ०.४ सेकंद लागत असतील, तर हाताचा वेग १६०० मिमी प्रतिसेकंद धरून पडदा आणि धोक्याची जागा यांतलं किमान अंतर ६४० मिमी येतं. ब्रेक झिजून ०.१ सेकंद वाढला की आणखी १६० मिमी हवेत, आणि पडदा मात्र जागच्या जागीच असतो.

हेडखाली हात घालायचा असेल, तर टॉर्क बंद करणं पुरेसं नाही. टर्मिनलवर व्होल्टेज राहू शकतं. आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा मुख्य स्विच) बंद करून कुलूप लावा, साठलेली वीज उतरायला ड्राइव्हच्या लेबलवर लिहिलेला वेळ थांबा, डीसी बस मोजा आणि हेडखाली भार पेलेल असा यांत्रिक आधार लावा. ब्रेकच्या फेसिंगवर (घर्षणाच्या पृष्ठभागावर) तेल जाऊन त्याची पकड सुटली असेल तर ते बाहेरून दिसत नाही.