जर्नेल सिंग आणि स्टॉपरची जागा

१९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेचा विषय निघाला की एक चित्र हमखास डोळ्यांपुढे आणलं जातं. डोक्याला बँडेज बांधलेला धिप्पाड सरदार खेळाडू अंतिम सामन्यात गोल मारतो आणि भारताला फुटबॉलचं सुवर्णपदक मिळतं. चित्र खरं आहे. पण त्यापायी जर्नेल सिंग धिल्लाँ यांचं खरं काम मागे पडलं, याची मला कायम खंत वाटते. गोल मारणं हे त्यांचं काम नव्हतंच. ते भारताचे स्टॉपर, म्हणजे बचावाच्या मधोमध उभे राहणारे खेळाडू होते, आणि ही जागा आपल्या फुटबॉलमध्ये नुकती कुठे रुजत होती.

त्याआधी जवळजवळ अर्धं शतक आपल्याकडे दोन फुलबॅकांचा खेळ चालला. मागे दोघे, मधे तीन हाफबॅक, पुढे पाच फॉरवर्ड. या रचनेत बचाव म्हणजे दोन माणसांची हिंमत. मोहन बागानचे गोष्ठ पाल अनवाणी पायांनी बूटवाल्या गोऱ्या संघांना अडवायचे. लोकांनी त्यांना ‘चीनची भिंत’ म्हटलं, आणि १९६२ मध्ये पद्मश्री मिळालेले ते पहिले फुटबॉलपटू ठरले. त्यांच्याच क्लबातून पुढे शैलेन मन्ना आले. १९५१च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली आपण सुवर्ण जिंकलं. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने १०-१ असा पराभव केला. कप्तान तेच मन्ना. त्यांच्यासारखा फुलबॅक असूनही दहा गोल होतात, तर दोष एका माणसाचा नसतो, रचनेचा असतो.

प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक, आणि मैदानावरही शिक्षकच. हेलसिंकीनंतर बूट आले आणि हळूहळू तिसरा बॅकही आला. मधला हाफबॅक मागे ओढून दोन फुलबॅकांच्या मधोमध उभा करायचा, म्हणजे प्रतिपक्षाच्या सेंटर-फॉरवर्डला सरळ गोलकडे वाट मिळत नाही. हाच स्टॉपर. पुढे रहीम यांनी मागे चार बॅक, मधे दोघे, पुढे चार फॉरवर्ड अशी ४-२-४ रचनाही बसवली. कोलकात्याच्या क्लबांना जुनी सवय मोडायला वेळ लागला. नव्या जागेला माणूसही वेगळा हवा होता. हवेतला चेंडू डोक्याने परतवणारा, अंगावर येणाऱ्या फॉरवर्डला न डगमगता भिडणारा, आणि आपल्या मागे फक्त गोलरक्षक उरला आहे हे माहीत असूनही शांत राहणारा.

तो माणूस पंजाबातून आला. जर्नेल सिंग यांचा जन्म १९३६चा. फाळणीत त्यांचं कुटुंब लायलपूरकडून होशियारपूर जिल्ह्यातल्या पनाम गावी आलं, तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. शेजारच्या माहिलपूरच्या खालसा कॉलेजात फुटबॉलचं वेड मोठं. ते तिथेच घडले. १९५८ मध्ये कोलकात्याच्या राजस्थान क्लबात आणि १९५९ मध्ये मोहन बागानमध्ये. मन्ना निवृत्तीला आले होते, त्याच सुमारास हे आले. पुढची जवळपास दहा वर्षं ते हिरव्या-मरून जर्सीत होते. त्या काळात बागानने १९६२ ते १९६५ अशी सलग चार वर्षं कलकत्ता लीग जिंकली, १९६३ ते १९६५ सलग तीनदा ड्युरँड चषक, आणि १९६६ मध्ये आपल्या मुंबईचा रोव्हर्स चषक. गोल मारणाऱ्यांची नावं वर्षागणिक बदलत गेली. मागे मात्र हेच उभे.

त्यांचं खास अस्त्र म्हणजे स्लायडिंग टॅकल, जमिनीवरून घसरत जाऊन चेंडू हिसकावणं. जोरकस, पण वेळ साधून केलेला. आमच्या पिढीने त्यांना खेळताना पाहिलं नाही; जुन्या लोकांच्या बोलण्यातून जे कळतं त्यात दरारा हाच शब्द पुन्हा पुन्हा येतो.

१९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचा गट कठीण होता. हंगेरीकडून १-२, फ्रान्सशी १-१, पेरूकडून १-३. पदक नाही, पण हेलसिंकीतल्या दहा गोलांशेजारी हे आकडे ठेवून पाहा. आठ वर्षांत बचाव कुठून कुठे आला ते दिसतं.

मग जकार्ता. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ हार. थायलंडला ४-१ हरवताना जर्नेल सिंग यांचं डोकं फुटलं, टाके पडले. डोक्याने चेंडू परतवणं हेच ज्याचं रोजचं काम, त्याला त्या अवस्थेत स्टॉपर ठेवायचं कसं? रहीम यांनी त्यांना सेंटर-फॉरवर्ड केलं आणि बचावाचा मध्य अरुण घोष यांच्यावर सोपवला. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर ३-२ विजय. त्यात जर्नेल सिंग यांचा एक गोल. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात पुन्हा कोरिया. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला स्पर्धेतून वगळल्याबद्दल भारताचे क्रीडा प्रशासक जी. डी. सोंधी यांनी उघड टीका केली होती, त्यामुळे सेनायान मैदानावरचा लाखभर प्रेक्षक भारतावर खवळलेला. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी, विसाव्या मिनिटाला जर्नेल सिंग. कोरियाने शेवटी एक गोल फेडला, २-१. ही आघाडी राखणाऱ्यांत मुंबईच्या कॅलटेक्सकडून खेळणारे ओ. चंद्रशेखरन होते, आणि मूळचे गोव्याचे, मुंबईत वाढलेले फॉर्च्युनॅटो फ्रँकोही. आपल्याकडे या दोघांची आठवण फारच थोडी निघते.

रहीम पुढच्याच वर्षी कर्करोगाने गेले. १९६४च्या आशिया चषकात भारत उपविजेता ठरला, त्याच वर्षी जर्नेल सिंग यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि १९६५ ते १९६७ या काळात ते देशाचे कप्तान राहिले. स्टॉपरला कप्तानी मिळणं मला रास्त वाटतं. अख्खं मैदान समोर दिसतं ते त्यालाच.

नंतर ते पंजाबात परतले. शिकवलं, संघ बांधले, राज्याचं क्रीडा संचालकपद सांभाळलं. १३ ऑक्टोबर २००० रोजी कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये त्यांचं निधन झालं. प्रशिक्षक म्हणून त्यांची सर्वात मोठी कमाई १९७४ची. जालंधरला संतोष करंडकाच्या अंतिम सामन्यात पंजाबने बंगालला ६-० हरवलं. पंजाबच्या इंदर सिंग यांनी त्या स्पर्धेत २३ गोल मारले. बंगालला मात्र त्या दिवशी एकही गोल करता आला नाही.