बेडकांच्या कातडीवरची बुरशी : एका शोधामागचे प्रबंध

सप्टेंबर 1989 मध्ये इंग्लंडमधल्या कँटरबरी इथे उभयचर आणि सरीसृपांच्या अभ्यासकांची पहिली जागतिक परिषद भरली. तिथे व्यासपीठावरच्या निबंधांपेक्षा बाहेरच्या गप्पांतून एक गोष्ट लक्षात येत गेली : आपापल्या देशातले बेडूक नाहीसे होतायत, ही तक्रार जवळपास सगळ्यांचीच होती. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण क्वीन्सलंडमध्ये पिल्ले जठरात वाढवणारा बेडूक 1981 नंतर जंगलात दिसलाच नव्हता. कोस्टारिकातल्या मोन्टेव्हर्डेच्या ढगाळ जंगलात 1987 साली सोनेरी भेक दीड हजारांवर मोजले गेले. 1989 मध्ये दिसला तो एकच, आणि शेवटचा.

जंगलतोड, कीटकनाशके, आम्लवर्षा, अतिनील किरणे असे नेहमीचे संशयित पुढे आले. पण बेडूक संपत होते ते राखीव, उंचावरच्या, थंड आणि स्वच्छ ओढ्यांवर. त्याच ओढ्यांवरचे मासे, सरडे आणि पक्षी धडधाकट होते. काहींनी हे नैसर्गिक चढउतार आहेत असेही म्हटले. हा वाद पुढची दहा वर्षे रेंगाळला, आणि त्याचे एक कारण अगदी साधे होते. पावसाळी जंगलात मेलेला छोटा बेडूक काही तासांत कुजतो किंवा मुंग्या, खेकडे त्याचा फडशा पाडतात. अभ्यासक वर्षाकाठी एकदा जात, आणि दिसे ते फक्त ओढ्याचे रिकामे पात्र. तिथे सतत राहणारे कोणी असेल तर ते पीएचडीचे विद्यार्थीच.

कॅरेन लिप्स त्यांपैकी एक. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कोस्टारिका आणि पनामाच्या सीमेजवळ लास टाब्लास इथे ती एका वृक्षबेडकाच्या प्रजननावर प्रबंध करत होती. अंडी मोजणे, बेडकांवर खुणा करणे, रात्री बॅटरी घेऊन ठरलेल्या पट्ट्यात फिरणे असे हे काम. रोगाचा त्यात विषयच नव्हता. पण बेडूक कमी होत गेले तेव्हा तुलनेसाठी मागच्या वर्षांच्या नोंदी हाताशी होत्या. पुढे पनामातल्या फॉर्चुना इथे 1996-97 मध्ये तिला मरणारे बेडूक सापडले, आणि तिने ते लगेच जपून ठेवले. ऱ्हास वायव्येकडून आग्नेयेकडे सरकतो आहे हे या दोन ठिकाणांवरून दिसू लागले, आणि पुढची पाळी कोणत्या जंगलाची याचा अंदाज बांधता आला. पनामातल्या एल कोपे इथे चमू आधीपासून मोजणी करत थांबला होता; तिथे 2004 च्या अखेरीस साथ पोहोचली.

ऑस्ट्रेलियात 1996 मध्ये लॉरन्स, मॅकडोनल्ड आणि स्पिअर यांनी हे साथीच्या रोगाचे लक्षण असल्याचे लिहिले. रोगजंतू मात्र हाती नव्हता. तो शोधण्याचे काम रिक स्पिअर यांच्या मार्गदर्शनाखाली ली बर्जर या पशुवैद्य विद्यार्थिनीने पीएचडीसाठी घेतले. सुरुवातीला संशय विषाणूवर होता. त्यामुळे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये, म्हणजे कल्चरमध्ये, यकृत-मूत्रपिंडाचे अर्क घालून पाहण्यात बराच वेळ गेला आणि हाती काही लागले नाही. आतले अवयव बहुतेक निरोगीच दिसत.

खरी खूण कातडीत होती. मेणात बसवलेल्या कातडीचे पाच-सहा मायक्रोमीटर जाडीचे काप हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवले की केराटिन या टणक प्रथिनाच्या वरच्या थरात गोल पिशव्या दिसतात. काहींत बारीक दाणे, बऱ्याच रिकाम्या, आणि एखादीला पृष्ठभागाकडे उघडणारी आखूड नळी. आधी हा एखादा प्रोटोझोआ, म्हणजे एकपेशीय जीव, असावा असे वाटले होते. इथे काप कुठला घेतला यावर सगळे अवलंबून असते. पाठीच्या कातडीत संसर्ग बहुधा नसतोच. तो पोटावर, मांड्यांच्या आतल्या बाजूला, बोटांवर असतो. पाठीचा तुकडा घेऊन ‘निरोगी’ असा शेरा मारला की झाले. दुसरी अडचण म्हणजे बेडूक कात टाकतो आणि तिच्याबरोबर संसर्गाचा मोठा भागही निघून जातो. नुकतीच कात टाकलेल्या बेडकाच्या कापात उरतात त्या तुरळक रिकाम्या पिशव्या, आणि नवख्या नजरेतून त्या हमखास सुटतात.

बर्जरने आजारी बेडकांच्या कातडीचा खरवडा पिंजऱ्यात वाढवलेल्या निरोगी पिल्लांना लावला. दोन-तीन आठवड्यांत ती मेली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी झूस्पोअरची, म्हणजे पोहणाऱ्या बीजाणूंची, रचना आणि रायबोसोमच्या जनुकांचा क्रम या दोन्हींवरून हा जीव कायट्रिड गटातली बुरशी ठरला. 1998 मध्ये ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिका अशा दोन्हीकडच्या नमुन्यांचा एकत्रित निबंध प्रसिद्ध झाला. तोपर्यंत कायट्रिड म्हणजे पाण्यात आणि मातीत परागकण, काइटिन, वनस्पतींचे अवशेष कुजवणारी किंवा शैवाल आणि कीटकांवर जगणारी सूक्ष्म बुरशी, एवढीच ओळख होती. पृष्ठवंशी प्राण्यावर ती परजीवी म्हणून कधी कोणी पाहिली नव्हती. सगळे इतके दिवस चुकीच्या दिशेला का पाहत होते, याचे उत्तर यात आहे.

त्याच सुमारास वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात निळे विषारी बेडूक मरत होते. डोनाल्ड निकोल्स आणि ॲलन पेसियर या पशु-विकृतिशास्त्रज्ञांना त्यांच्या कातडीत याच पिशव्या दिसल्या. त्यांनी गाठले मेन विद्यापीठातल्या जॉइस लाँगकोर यांना. लाँगकोर यांनी कायट्रिडवरची पीएचडी 1991 मध्ये, वयाच्या पन्नाशीनंतर पूर्ण केली होती. हा गट त्या काळी इतका आडबाजूला पडलेला होता की ही बुरशी वेगळी करून वाढवू शकणारी माणसे जगभरात मोजकीच होती. त्यांनी ती शुद्ध स्वरूपात वाढवली. 1999 मध्ये तिचे नामकरण झाले ‘बॅट्रॅकोकायट्रियम डेन्ड्रोबॅटिडिस’. अभ्यासक तिला नुसते ‘बीडी’ म्हणतात.

बीडीचे कल्चर करण्याची पद्धत अजूनही बव्हंशी तीच आहे. बेडूक जिवंत किंवा नुकताच मेलेला हवा; फॉर्मलीन वा अल्कोहोलमधल्या नमुन्यातून काहीही वाढत नाही. लिटरभर पाण्यात 8 ग्रॅम ट्रिप्टोन, 2 ग्रॅम जिलेटिन हायड्रोलायझेट आणि 10 ग्रॅम अगार घेतात. माध्यम ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून, हाताला सोसेल इतके निवले की पेनिसिलिन-जी आणि स्ट्रेप्टोमायसिन, प्रत्येकी 200 मिलिग्रॅम घालतात. घाई करून गरम माध्यमात घातले तर प्रतिजैविके निकामी होतात. कातडीचा एक मिलिमीटरहून लहान तुकडा घ्यायचा आणि बारीक सुईने अगारमध्ये खुपसून, ओढून, पुन्हा खुपसून पुसून काढायचा. जिवाणू घासून निघतात ते याच पायरीला. मग तो दुसऱ्या प्लेटवर ठेवून 17 ते 23 अंश सेल्सिअसला सोडायचा आणि रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. तुकड्याच्या कडेला वळवळणारे झूस्पोअर दिसायला आठवडा ते तीन आठवडे लागतात. झूस्पोअर तीन ते पाच मायक्रोमीटरचा, मागे एकच शेपटी असलेला. बहुतेक तर दोन सेंटिमीटरही पोहत नाहीत.

बहुतेक प्लेटा जिवाणूंमुळे जातात. एकाच बेडकाचे पुष्कळ तुकडे लावावे लागतात ते त्यासाठीच. इन्क्युबेटर बिघडून तापमान 28 च्या वर गेले की वाढ थांबते आणि 30 अंशांवर टिकून राहिले तर कल्चर मरते. बेडूक मिळाला नाही तर पाण्यातल्या भेकपिल्लांवर (टॅडपोल) काम चालते. त्यांच्या अंगावर केराटिन असते ते फक्त तोंडाच्या भागात, म्हणून तुकडा जबड्याच्या काळ्या कडेचा घेतात.

एक चूक मात्र उशिरा कळते. कल्चर वर्षानुवर्षे प्लेटवरून प्लेटवर नेत राहिले तर त्याची बेडकाला आजारी पाडण्याची ताकद कमी होत जाते. कधी काळी जहाल असलेल्या कल्चरने प्रयोगातले बेडूक मरेनासे होतात आणि दोष बेडकाच्या प्रतिकारशक्तीला दिला जातो. यावर उपाय म्हणजे पहिल्या काही पिढ्यांतच नमुने डीएमएसओ या, गोठताना पेशी जपणाऱ्या रसायनाच्या 10 टक्के द्रावणात हळूहळू थंड करून गोठवणे.

एवढी वरवरची बुरशी जीव कसा घेते, हे कोडे 2009 पर्यंत सुटले नव्हते. ते जेमी व्हॉइल्स हिच्या जेम्स कुक विद्यापीठातल्या पीएचडीत सुटले. बेडूक कातडीतून पाणी आणि क्षार घेतो. संसर्ग वाढला की कातडीतून सोडियमची ने-आण मंदावते. आजारी बेडकांच्या रक्तात सोडियम सुमारे 20 टक्क्यांनी आणि पोटॅशियम सुमारे 50 टक्क्यांनी घटलेले आढळले. शेवटी हृदय थांबते. क्षार तोंडावाटे दिले की बेडूक काही काळ सावरत. म्हणजे उपाय नव्हे, पण कारणाची खातरजमा झाली.

दरम्यान 2004 मध्ये ऑस्ट्रेलियातच बुरशीचा डीएनए मोजणारी रिअल-टाइम पीसीआरची चाचणी तयार झाली आणि बेडूक मारण्याची गरज संपली. कोरडा निर्जंतुक स्वॅब पोटावरून, मांड्यांवरून आणि पायाच्या पडद्यांवरून मिळून 25 ते 30 वेळा फिरवायचा. दर बेडकाला नवा हातमोजा. हा नियम मोडला की शेजारच्या बेडकाचा डीएनए इथे येतो आणि संसर्गही पसरतो. प्रयोगशाळेत स्वॅबचे टोक डीएनए मोकळा करणाऱ्या 40 ते 60 मायक्रोलिटर प्रेपमॅन द्रावणात अर्ध्या मिलिमीटरच्या मण्यांसह 45 सेकंद घुसळायचे, 100 अंशांवर 10 मिनिटे ठेवायचे आणि वरचा द्रव दहापट विरळ करून चाचणीला लावायचा. विरळ करण्याचे कारण आहे : माती आणि कातडीतली द्रव्ये पीसीआर अडवतात. नियंत्रण नमुना न लावता आलेले ‘निगेटिव्ह’ म्हणूनच विश्वासाचे नसते. उत्तर येते झूस्पोअरच्या हिशेबात. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडात एका बेडकामागे सुमारे 10,000 चा आकडा ओलांडला की कळप कोसळतात असे 2010 मध्ये दिसले. हा आकडा सगळ्या जातींना सरसकट लावतात, ते बरोबर नाही. तो त्या डोंगरांतल्या बेडकांचा आहे.

सह्याद्रीचा संबंध इथे येतो. पश्चिम घाटातून बीडीची पहिली नोंद 2011 मध्ये आली. 2013 मध्ये पुण्याचे नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी उत्तर पश्चिम घाटातल्या तीन प्रदेशनिष्ठ जातींत ती सापडल्याचे प्रसिद्ध केले : निक्टिबॅट्रॅकस हुमायूनी, इंडिराना लेइथी आणि राओर्केस्टिस बॉम्बेएन्सिस. यांतल्या पहिल्याच्या कातडीवर व्रण आणि तपकिरी डाग होते, कातडी सुटत होती. बाकी दोघांत बाहेरून काहीच दिसत नव्हते. जनुकांच्या क्रमावरून हा वाण आशियातल्या स्थानिक वाणांजवळचा निघाला. 2015 मध्ये तो घाटात सर्वदूर असल्याचे दिसले. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या मिलिंद मुतनाळे आणि सहकाऱ्यांच्या 2018 च्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली : संसर्गाचे प्रमाण कमी, पण वाणांची विविधता भरपूर. परदेशी वाणांवर बेतलेली चाचणी इथल्या वाणांवर कमी पडते, म्हणून त्यांना नवी चाचणी बनवावी लागली. आपल्याकडच्या जुन्या ‘निगेटिव्ह’ नोंदी वाचताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

कमी प्रमाण आणि जास्त विविधता हे जुन्या सहवासाचे लक्षण असते, आणि उत्क्रांतीचा धागा इथेच जुळतो. 2004 मध्ये दक्षिण आफ्रिकेत चे वेल्डन आणि सहकाऱ्यांना 1938 च्या एका झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या कातडीत बीडी सापडली होती. स्त्रियांच्या गर्भचाचणीसाठी झेनोपस जगभर निर्यात होत असे, म्हणून उगम आफ्रिकेत, असे मांडले गेले. 2011 मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ऱ्हिस फॅरर या पीएचडीच्या विद्यार्थ्याने जगभरच्या कल्चरांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, तुलनेला घेतले. बीडी एकजिनसी नाही, तिचे अनेक वंश आहेत आणि साथ पसरवणारा त्यांतला एकच, हे त्यातून दिसले. 2018 मध्ये 234 जीनोम जमले, तेव्हा सर्वांत जुनी विविधता कोरियन द्वीपकल्पात निघाली. जागतिक वंशाचा प्रसार विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, म्हणजे उभयचरांच्या व्यापाराच्या काळातला ठरला. आफ्रिकेची मांडणी त्यामुळे मागे पडली, तरी झेनोपसच्या व्यापाराने प्रसाराला हातभार लावला असणे शक्य आहे. एवढे जीनोम मिळाले ते जिवंत कल्चर होती म्हणून. स्वॅबवरचा बुरशीचा डीएनए इतका थोडा असतो की त्यातून पूर्ण जीनोम वाचणे फार अवघड. भारतातल्या वरच्या अभ्यासांत हाती आले ते पीसीआरने वाढवलेले छोटे तुकडे. या वंशवृक्षात सह्याद्रीचा वाण नेमका कुठे बसतो हे ठरवायला कल्चर लागेल.

नुकसान किती झाले यावर अजून एकमत नाही. 2019 मध्ये 501 जाती घटल्या आणि त्यांतल्या 90 बहुधा नामशेष झाल्या असा अंदाज प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने आक्षेप घेतला : यांतल्या बऱ्याच जातींत बुरशी प्रत्यक्ष सापडल्याचा पुरावाच नाही, आणि विश्लेषण पुन्हा करून पाहता येत नाही. आक्षेपात तथ्य आहे. जे बेडूक कोणी तपासण्याआधीच संपले, त्यांच्याबद्दल बोलताना तर्क करावा लागतो.

पण तर्काला आधार देण्याची एक वाट आहे. टीना चेंग या पदव्युत्तर (एमएस) विद्यार्थिनीने संग्रहालयातले, फॉर्मलीनमधून काढून अल्कोहोलमध्ये ठेवलेले बेडूक स्वॅब केले. 2011 मध्ये तिने आणि सहकाऱ्यांनी दाखवले की बीडी दक्षिण मेक्सिकोत 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला दिसू लागते आणि मोन्टेव्हर्डेत 1987 पर्यंत पोहोचते, म्हणजे सोनेरी भेक गेला त्याच सुमारास. एका बरणीत अनेक बेडूक असले तर द्रवातून एकाचा डीएनए दुसऱ्याला लागू शकतो. म्हणून प्रत्येक नमुना स्वॅबआधी 70 टक्के इथेनॉलने धुतात आणि एकाच बरणीतले ‘पॉझिटिव्ह’ सुटे पुरावे मानत नाहीत. फॉर्मलीनमध्ये डीएनए तुटतो. त्यामुळे अशा नमुन्यात बुरशी मिळाली तर तो पुरावा, न मिळाली तर काहीच सिद्ध होत नाही.