ड्रॉ लेंथ: रिकर्व्हची निराळी, कंपाउंडची निराळी

"माझी ड्रॉ लेंथ 29 आहे. सहा वर्षं रिकर्व्ह मारलाय, मला माहीत नसणार का?"

हे वाक्य गेल्या दोन-तीन वर्षांत ठाण्यात आणि नवी मुंबईत मी इतक्यांदा ऐकलंय की आता एकदाच सविस्तर लिहून टाकतो. ड्रॉ लेंथ म्हणजे धनुष्याची दोरी पूर्ण ओढल्यावर ती किती मागे येते ते अंतर, इंचांत. रिकर्व्ह म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य, आणि कंपाउंड म्हणजे टोकांना कॅम, म्हणजे चाकं, असलेलं. बोलणारा खोटं बोलत नसतो. तो कॉलेजकडून तिरंदाजी खेळलेला असतो, घरी दोन-चार पदकं असतात. मग ऐरोली-महापेची नोकरी, लग्न, मुलं, आणि धनुष्याची बॅग माळ्यावर. 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंडची जगज्जेती झाली, त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळेही जगज्जेता झाला, आणि माळ्यावरच्या बॅगा खाली यायला लागल्या. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच होणार आहे. त्यामुळे आता परतणारे थेट कंपाउंडच घ्यायला निघतात. मला याचा मनापासून आनंद आहे. फक्त पहिला मोठा खर्च ते 29 या आकड्यावर करतात, आणि तो आकडा बहुतेक वेळा त्यांची ड्रॉ लेंथ नसतोच. तो त्यांच्या बाणाची लांबी असतो.

बाकीचे फरक पटकन उरकतो, कारण ते डोळ्यांना दिसतात किंवा आठवडाभरात हाताला कळतात. बोटांवरच्या टॅबच्या (चामड्याच्या तुकड्याच्या) जागी रिलीज, म्हणजे दोरी धरून ट्रिगरने सोडणारा चिमटा, येतो. दोरीत पीप (आरपार बघायचं बारीक भोक) असतो, साइटवर (नेम धरायच्या साधनावर) भिंग आणि पाणसळ असते. 70 मीटरवरच्या 122 सेंटीमीटरच्या टार्गेटऐवजी 50 मीटरवर 80 सेंटीमीटरचं. स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारी दांडी) आणि साइट धरून अडीच-तीन किलो हातात येतात, खांद्याला त्याची सवय लागायला वेळ जातो. रिकर्व्हची दोरी उतरवून ठेवता येते, कंपाउंड कायम ताणलेलाच राहतो, म्हणून मे महिन्यात तो उन्हातल्या गाडीत ठेवून कामाला जाऊ नका. आणि आपल्या पावसाळ्यात बोल्ट गंजतात, दोरीला मेण लागतं. झालं.

लेट-ऑफबद्दलही, म्हणजे पूर्ण ओढल्यावर हातातलं ओढायचं वजन किती कमी होतं त्याबद्दलही, सगळे ऐकून असतात. 50 पाउंडाचा कंपाउंड 80 टक्के लेट-ऑफचा असेल तर पूर्ण ओढल्यावर हातात 10 पाउंड उरतात. रिकर्व्हला 38 पाउंड ओढले की 38 च धरून उभं राहायचं. हा फरक सुखाचा आहे, आणि त्याच सुखामुळे पुढचा फरक झाकला जातो.

आता मुद्द्यावर येतो. रिकर्व्हमध्ये ड्रॉ लेंथ ही तुमच्या शरीराची असते. धनुष्याला तिचं काही पडलेलं नसतं. लिम्बवर (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावर) लिहिलेलं वजन 28 इंचांवर मोजलेलं असतं. तुम्ही 27 ओढलंत तर साधारण दोन पाउंड कमी, 29 ओढलंत तर दोन पाउंड जास्त. धनुष्य निमूटपणे तुमच्या मागे येतं. हात कुठे थांबवायचा हे हनुवटी, नाक आणि क्लिकर (बाण पुरेसा मागे आला की टक् वाजणारी पट्टी) ठरवतात. क्लिकर टकटकला की सोडायचं. म्हणून रिकर्व्हवाल्याच्या डोक्यात एकच लांबी पक्की बसलेली असते: नॉकपासून (बाणाच्या मागच्या खाचेपासून) क्लिकरखालच्या टोकापर्यंतची, म्हणजे बाणाची. कित्येकांचा क्लिकर साइटच्या दांडीवर, रायझरच्या (धनुष्याच्या मधल्या, मुठीच्या भागाच्या) बराच पुढे लावलेला असतो. मग बाण 29 चा असतो, पण हात 27 आणि काही इतकाच मागे जात असतो. खेळताना त्याने काही बिघडत नाही, म्हणून कुणी कधी मोजत नाही.

कंपाउंडमध्ये ड्रॉ लेंथ ही धनुष्याची असते. ती कॅममध्ये, म्हणजे त्या अंड्याच्या आकाराच्या चाकात, आणि त्यावर बसवलेल्या मॉड्यूलमध्ये कोरलेली असते. ओढायला लागलात की वजन चढतं, शिखर गाठतं, मग कॅम वळतो आणि वजन एकदम उतरतं. त्या उतारावरच्या सखल जागेला व्हॅली म्हणतात. तिच्या शेवटी कॅम थांब्याला टेकतो आणि दोरी पुढे जायचं नाव घेत नाही. ती वॉल. तुमचा हात, कोपर, जबडा, नाक सगळं त्या वॉलच्या जागी नेमकं जुळलं पाहिजे. वॉल तुमच्यासाठी अर्धा इंचही सरकत नाही. सरकायचं कुणी? मग शरीर सरकतं, आणि सगळी दुखणी तिथून सुरू होतात.

वॉल फार मागे असेल, म्हणजे ड्रॉ लेंथ जास्त असेल, तर धनुष्याचा हात कोपरात ताठ होतो, खांदा कानाकडे चढतो, पाठ मागे कलते, वजन मागच्या पायावर जातं. दोरी सुटताना कोपराच्या आतल्या बाजूला घासते. बाण डावी-उजवीकडे पसरतात आणि माणूस साइट फिरवत बसतो. वॉल फार पुढे असेल तर मागचं कोपर बाहेर राहतं, पाठ कामाला लागतच नाही, सगळा ताण दंडावर येतो आणि साइट थरथरते. दोन्ही वाईट. तरी निवडायचंच झालं तर मी पाव इंच कमी घेईन, जास्त कधीच नाही.

आणि एक तिसरी अवस्था आहे. बोची ड्रॉ लेंथ जास्त असलेला माणूस वॉलपर्यंत पोचतच नाही, व्हॅलीत मध्येच उभा राहतो. हातात 10 पाउंड आहेत म्हणून त्याला वाटतं जमलं. श्वास सोडताना हात थोडा पुढे जातो, कॅम उलटा वळतो आणि ते सगळे पाउंड एका झटक्यात परत येतात. रिलीजवर बोट असेल तर बाण कुठे जाईल सांगता येत नाही. मी हे डोळ्यांसमोर घडताना पाहिलंय, म्हणून इतकं ठासून सांगतोय.

मी स्वतः पहिला कंपाउंड 29 चाच घेतला होता. विकणाऱ्याने विचारलं, मी बाणाचा आकडा सांगितला, त्याने त्यावर एक प्रश्न विचारला नाही. आठ महिने डाव्या हातावर काळानिळा पट्टा होता. ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत वरची कडी धरली की बाही खाली घसरायची आणि शेजारचा माणूस चमकून बघायचा. मी आर्मगार्ड बदलला, ग्रिप बदलली, उभं राहायची पद्धत बदलली. शेवटी एका जुन्या प्रशिक्षकांनी मला पाच मिनिटं मागून पाहिलं आणि म्हणाले, "अहो, हा बो तुमचा नाहीच. हा तुमच्यापेक्षा चार इंच उंच माणसाचा आहे." मॉड्यूल बदलल्यावर पट्टा पंधरा दिवसांत गेला.

मग खरी ड्रॉ लेंथ मोजायची कशी? पहिला अंदाज भिंतीला पाठ लावून. दोन्ही हात आडवे पसरा, जोर लावून ताणू नका, आणि मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर इंचात घ्या. त्याला अडीचने भागा. हात पसरून 172 सेंटीमीटर भरले तर ते 67.7 इंच, भागाकार 27 च्या जरा वर. आपल्याकडच्या मध्यम उंचीच्या माणसाचा आकडा 26 ते 28 च्या आत येतो, हे त्याला स्वतःलाच खरं वाटत नाही.

पण हा नुसता अंदाज. पक्कं माप धनुष्यावरच घ्यायचं. कळव्याचे एक गृहस्थ असेच 29 चा हट्ट धरून आले होते. एक जुना 20 पाउंडाचा रिकर्व्ह घेतला, दोरीला डी-लूप (रिलीज अडकवायचा छोटा फास) बांधला, न कापलेला लांब बाण लावला. बटच्या (बाण रुततात त्या गादीच्या) समोर, तीन पावलांवर उभं राहायचं, ट्रिगरच्या मागे बोट ठेवायचं, सोडायचं नाही. त्यांनी सवयीने हनुवटीखाली अँकर (ओढलेला हात टेकवायची ठरलेली जागा) घेतला. म्हटलं, तो विसरा. हाताची गाठ जबड्याच्या हाडाला मागे टेकवा, मान सरळ, दोरी नाकाच्या शेंड्याला नुसती लागू दे. तीनदा ओढायला लावलं, आणि तिन्ही वेळा ग्रिपच्या सर्वांत खोल खाचेच्या रेषेत बाणावर स्केचपेनने खूण केली. तीन खुणा एकमेकींपासून दोन-तीन मिलिमीटरवर पडल्या. नॉकच्या खाचेपासून खुणेपर्यंत साडेपंचवीस इंच. त्यात पावणेदोन मिळवायचे, कारण ड्रॉ लेंथचं प्रमाणित माप ग्रिपच्या खाचेपर्यंतचं अंतर अधिक 1.75 इंच असं ठरलेलं आहे. सव्वासत्तावीस आले. ते बराच वेळ त्या बाणाकडेच बघत होते. मग म्हणाले, "आणि मी 29 चा ॲडव्हान्स देऊन बसलोय."

त्या पावणेदोन इंचांमुळेच निम्मे घोळ होतात. कुणी मिळवत नाही, कुणी दोनदा मिळवतो. रिकर्व्हच्या लिम्बवरच्या 28 मध्येही ते धरलेलेच असतात. आणि जुना आकडा अगदी बरोबर मोजलेला असला, तरी रिलीजने अँकर बदलतो, म्हणून कंपाउंडचं माप पुन्हा घ्यावंच लागतं. कुणाचं अर्ध्या इंचाने कमी येतं, कुणाचं तेवढंच जास्त. बाणाची लांबी हा वेगळा विषय. कंपाउंडला क्लिकर नाही, बाण रेस्टच्या (तो टेकतो त्या आधाराच्या) पुढे इंचभर राहिला तरी चालतो, त्याची लांबी स्पाइन (बाणाचा कडकपणा) बघून ठरवतात. फक्त तो रेस्टच्या मागे येईल इतका आखूड कधीही कापू नका.

आता माझा खरा राग कशावर आहे ते सांगतो. चुकीच्या ड्रॉ लेंथचा बो गळ्यात मारून झाल्यावर दिला जाणारा सल्ला: "डी-लूप छोटा कर, होईल ॲडजस्ट." लूप छोटा केल्याने हात थोडा पुढे येतो. दोरी कुठे थांबते ते तसूभरही बदलत नाही. नाक, पीप आणि दोरी यांचं नातं तसंच चुकलेलं राहतं. दुसरा सल्ला, केबलला पीळ देऊन लांबी कमी करायचा. त्याने किंचित फरक पडतो आणि वरचा-खालचा कॅम एकत्र वळेनासे होतात. लिम्बचे बोल्ट फिरवून ड्रॉ लेंथ बदलते असंही छातीठोकपणे सांगणारे आहेत. बोल्ट वजनासाठी असतात, दोन्ही सारखे फिरवायचे, आणि बनवणाऱ्याने सांगितलेल्या वेढ्यांपलीकडे सैल करायचे नाहीत. ड्रॉ लेंथ बदलते ती मॉड्यूलने. काही कॅमवर दोन स्क्रू सैल करून तेच मॉड्यूल अर्ध्या-अर्ध्या इंचाने सरकवता येतं. काहींवर प्रत्येक मापाचं मॉड्यूल वेगळं घ्यावं लागतं. काहींवर अख्खा कॅमच बदलतो, त्याला बो-प्रेस (लिम्ब दाबून दोरी सैल करणारं यंत्र) लागतो, आणि माझ्या ओळखीत ठाण्यात तो दोघांकडेच आहे. परतणाऱ्याने पहिला बो सरकत्या मॉड्यूलचाच घ्यावा. पहिल्या सहा महिन्यांत तुमची ठेवण बदलते आणि अर्धा इंच इकडेतिकडे होतोच.

वजनाचं थोडक्यात: जागतिक नियमाने कंपाउंडला 60 पाउंडांची मर्यादा आहे, तुम्हाला तिच्या जवळपास जायचं काहीच कारण नाही. 40 ते 50 चे लिम्ब घ्या, 40 वर उतरवून सुरू करा. खुर्चीत बसून, बो आकाशाकडे न उचलता, हळू ओढता आला तरच ते वजन तुमचं.

धनुष्याच्या लांबीचंही तसंच. दोन कॅमच्या आसांमधलं अंतर 36 ते 40 इंच असलेला टार्गेट बो घ्या. 30 इंचांचे, जंगलाच्या रंगाचे छोटे बो शिकारीसाठी बनवलेले असतात. शिकारीला आपल्याकडे बंदी आहे, तरी फोटो बघून लोक तेच मागवतात. त्यांच्या दोरीचा कोन इतका तीव्र होतो की नाक दोरीपर्यंत पोचतच नाही आणि पुन्हा मान वाकवणं सुरू. त्यांच्या जाहिरातीतला वेगही तुमचा नाही. तो 70 पाउंड, 30 इंच ड्रॉ आणि 350 ग्रेन वजनाच्या बाणावर मोजलेला असतो. तुम्ही 27 इंच आणि 45 पाउंडवाले, तो आकडा वाचूच नका.

कळव्याच्या गृहस्थांनी तिथूनच विकणाऱ्याला फोन लावला. मी त्यांना चार प्रश्न लिहून दिले होते, सेकंडहँड घेणाऱ्यांनीही हेच विचारावेत: कॅमवर आत्ता कुठलं मॉड्यूल आहे, त्यावरचं अक्षर किंवा आकडा वाचून दाखवा. या कॅमवर कुठपासून कुठपर्यंत ड्रॉ लेंथ बसते. माझ्या मापाचं मॉड्यूल सोबत देणार का. आणि बदलायला प्रेस लागतो का. फोनवरचा माणूस कॅम बघायला उठला, परत आला, म्हणाला, यावर 28.5 पासून वर. खाली जातच नाही. त्यांनी ॲडव्हान्स परत मागितला. तो निम्माच मिळाला, आणि दीड महिन्याने त्यांनी 25 ते 30 मध्ये सरकणारा दुसरा घेतला. आत्ता तो 27 वर आहे.